उजेड आहे, चित्र नाही

टीव्हीतून आवाज येत होता आणि चित्र येत नव्हतं, तेव्हा आपल्या टीव्हीचा रेडिओ झाला हे हरीशने मुकाट्याने मान्य करून टाकलं. जानेवारी होता. लीड्समध्ये दुपारी चारलाच अंधार पडत होता. त्यात भिंतीवर आणखी एक काळी चौकट असली काय नि नसली काय. पण बाबांना हे मान्य नव्हतं.

बाबांची, म्हणजे ज्ञानेश्वररावांची, सगळी नोकरी नाशिकला वीज मंडळाच्या हिशेब खात्यात गेली. तारेला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. तरीही कॉलनीत कुणाचा मिक्सर बिघडला की लोक तो पिशवीत घालून यांच्याकडेच आणत. बाबा तो उलटा करत, हलवत, कानाशी धरत आणि "मोटर गेलीय" असं सांगत. लोक समाधानाने घरी जात. मिक्सर होता तसाच राही.

आता त्यांनी टॉर्च आणला, टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले आणि काळ्या पडद्यावर तिरका झोत टाकला. आत, विहिरीच्या तळाशी उभी असावी तशी, हवामान सांगणारी बाई दिसली. ती स्कॉटलंडकडे हात करून काहीतरी वाईट बातमी देत होती.

"चित्र आहे," बाबा म्हणाले. "उजेड नाही."

हरीशने नेटवर शोधलं तर बाबांचंच खरं निघालं, आणि हा त्या आठवड्यातला पहिला मनस्ताप. पडद्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांच्या उजेडात चित्र दिसतं. त्यातला एक दिवा गेला की दिवाळीच्या माळेसारखी आख्खी ओळ विझते. पट्ट्या बदलल्या की टीव्ही पहिल्यासारखा. व्हिडिओतला माणूस हे सगळं गुणगुणत करत होता आणि त्याचं टेबल हरीशच्या हॉलएवढं होतं.

"नवा घेऊ या ना," उल्का म्हणाली. हरीशची बायको हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. मुदत संपलेली वस्तू कचऱ्यात टाकायची, यात तिला भावनिक असं काही दिसत नसे.

"पाच वर्षांचा टीव्ही फेकायचा?" बाबा म्हणाले. "नवा आणलात तर मी दुसऱ्या दिवशीचं विमान धरतो."

हे त्यांनी हसत म्हटलं, पण हरीश हसला नाही. कारण विमानाचा विषय त्या घरात आधीच निघालेला होता.

आई गेल्यावर हरीशने बाबांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. ते एप्रिलपर्यंत तरी राहावेत, जमलं तर पुढेही पुन्हा यावेत, असं हरीशला फार वाटत होतं आणि हे त्याने बाबांना सोडून सगळ्यांना सांगितलं होतं. ऑफिसातल्या पोलिश सहकाऱ्यालासुद्धा माहीत होतं. बापलेकांचं थेट बोलणं असं कधी नव्हतंच. दोघं टीव्हीशी बोलत आणि टीव्ही ते दुसऱ्यापर्यंत पोचवत असे. "या कॅप्टनला अक्कल नाही," असं बाबा म्हणाले की त्याचा अर्थ आज तू दमलेला दिसतोस. "टॉस हरला तेव्हाच संपलं होतं," असं हरीश म्हणाला की त्याचा अर्थ हो, दमलोय.

टीव्ही गेला आणि हा टपालखात्याचा संपच झाला. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून खिडकीबाहेर बघत. बाहेर शेजाऱ्याची कचऱ्याची पेटी होती. मग बाबा म्हणाले, "नाशिकचा नळ गळत असेल." मग एकदा म्हणाले, "घर बंद ठेवणं चांगलं नाही." मग एके दिवशी हरीशने त्यांना नाशिकच्या ट्रॅव्हलवाल्याशी फोनवर बोलताना ऐकलं. "एप्रिलचं अलीकडे आणता येतंय का बघा हो. महिनाअखेरीस चालेल. नाही नाही, सगळे छान आहेत इथे."

"थांबा म्हण ना त्यांना," उल्का स्वयंपाकघरात म्हणाली.

"टीव्ही लागला की थांबतील."

"हरीश, तू प्रोजेक्ट मॅनेजर आहेस. दिवसभर लोकांना काय हवंय ते सांगत असतोस."

"मी त्यांना कधी होईल एवढंच विचारतो. काय हवंय ते क्लायंट सांगतो."

उल्काने त्याच्याकडे मुदत उलटलेल्या गोळीकडे बघावं तसं बघितलं.

तोपर्यंत बाबांनी टॉर्चच्या उजेडात टीव्ही बघायचं तंत्र बसवून घेतलं. मालिकेत जो बोलेल त्याच्या तोंडावर टॉर्च. सासू बोलली की सासूवर, सून बोलली की सुनेवर. दोघी एकदम भांडायला लागल्या की बाबांचा हात भरून येई. क्रिकेटचं जास्त अवघड होतं. बॉलरपासून बॅटपर्यंत झोत नीट जाई, पण फटका बसला की बॉल अंधारात नाहीसा होई, आणि बाबा पडद्यावरच्या सगळ्या मैदानात टॉर्च फिरवून त्याला शोधत, जत्रेत हरवलेल्या पोराला शोधावं तसे. एकदा बॉल सापडला तेव्हा जाहिराती लागल्या होत्या.

"चौकार होता का?" हरीशने विचारलं.

"आऊट असेल. प्रेक्षक उदास दिसले."

पट्ट्या ऑनलाइन मागवल्या. त्या आल्या, आणि त्यांची पिन डावीकडे होती. टीव्हीला पिन उजवीकडे हवी होती. हरीशने विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं: प्रिय मित्रा, काळजी नसावी, कृपया टीव्ही उलटा करून पाहा.

हरीशने हे उपहासाने मोठ्यांदा वाचून दाखवलं. ती चूक झाली. बाबांनी चष्मा काढला आणि टीव्हीकडे विचारपूर्वक बघत राहिले.

"नाही, बाबा."

"मी काही म्हटलं का?"

"माणसं उलटी दिसतील."

"तोंड दिसण्याशी मतलब," बाबा म्हणाले. पण त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या पट्ट्या बरोबर निघाल्या. तोवर उल्काच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शनिवार येऊन ठेपला होता. बायका दुपारी यायच्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरून, टीव्ही तोंडावर पाडून बापलेकांनी तो उघडला. स्क्रू इतक्या तऱ्हेचे निघाले की बाबांनी नाशिकहून आणलेला मिसळणाचा जादा डबा काढला आणि लांब स्क्रू मोहरीच्या वाटीत, आखूड जिऱ्याच्या, आणि कुठले ते कळत नाही असे हळदीच्या वाटीत अशी वर्गवारी केली. हळदीची वाटी सगळ्यात आधी भरली.

मागचं झाकण, मधल्या तारा, कडेची पट्टी. मग टीव्ही सरळ करून पॅनल उचलायचं होतं. पॅनल म्हणजे चित्राची काच. पापडाएवढी जाड, दारासारखी मोठी आणि व्हिडिओतल्या माणसाच्या मते जगातली सगळ्यात नाजूक वस्तू. तो इथे गुणगुणायचा थांबला होता.

"तुझ्या बाजूने वर घे," बाबा म्हणाले.

"घेतलीय."

"अजून वर."

"बाबा, दोन्ही बाजू मीच धरल्यात. तुम्ही सोडलंत."

"मी सूचना देत होतो."

पॅनल निघालं. हरीशने ते आपल्या खोलीत नेऊन कपाटाच्या मागे भिंतीला टेकवून उभं केलं आणि खाली येऊन जुन्या पट्ट्या उचकटायला लागला. त्या डिंकाने चिकटवलेल्या होत्या, आणि तो डिंक ज्याने बनवला त्याला पट्ट्या कधी निघाव्यात अशी इच्छा नव्हती. एक निघाली ती तुकड्यांनी. एक निघाली ती अंगठ्याची सालपटं घेऊन. बाबा शेजारी बसून "हळू" म्हणत होते. हरीश हळूच करत होता. तो इतका हळू करत होता की अंगठ्यातून रक्तसुद्धा सावकाश आलं.

"काय स्टेटस?" बाबांनी विचारलं. हा शब्द त्यांनी हरीशच्या ऑफिसच्या कॉलवरून उचलला होता.

हरीशला प्रथमच कळलं की आपल्या हाताखालची माणसं आपल्याबद्दल काय बोलत असतील.

शेवटी नव्या पट्ट्या बसल्या. पॅनल न लावताच, नुसता उजेड येतो का बघायचा म्हणून, हरीशने दुरून बटण दाबलं. हॉल लख्ख पांढरा झाला. सोफ्याखालची धूळ दिसली, भिंतीवरचं एक जुनं खिळ्याचं भोक दिसलं, बाबांच्या डोळ्यांत आलेलं पाणी दिसलं. ते झगमगाटाने आलं असावं.

"लागला," बाबा म्हणाले.

"लागला."

यापुढे कुणी काही बोललं नाही, आणि सगळा घोळ इथेच झाला. हरीशने पॅनल कुठे ठेवलंय ते सांगितलं नाही. बाबांनी ते शनिवारी सकाळी कपाटामागे पाहिलं, काच उभी ठेवली तर वाकते असा त्यांचा पक्का समज असल्यामुळे ते अलगद उचलून आपल्या खोलीतल्या पलंगावर आडवं ठेवलं, धूळ बसू नये म्हणून वर आईच्या साड्यांची गोधडी घातली, आणि तेही कुणाला काही बोलले नाहीत.

हळदीकुंकवाला बायका आल्या. नाशिकला हळदीकुंकवाला बायका येतात तेव्हा पदर खोचलेला असतो आणि हातात छोटी पर्स असते. लीड्सला त्या येतात तेव्हा पैठणीवर गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा कोट असतो, त्यावर मफलर, हातमोजे आणि एक भिजलेली छत्री. वीस बायका आल्या की एवढ्या कोटांचं काय करायचं याचं उत्तर इथल्या प्रत्येक मराठी घरात एकच असतं. कोट वरच्या पलंगावर.

"हरीश, कोट कुठे टाकायला सांगू?" उल्काने दारातून विचारलं.

आपल्या खोलीत पॅनल आहे. हरीशला हे बरोबर आठवलं. आपण किती जबाबदार आहोत असंही त्याला एक क्षण वाटलं. "बाबांच्या खोलीत," तो म्हणाला. "पलंग मोकळा आहे."

मग पुरुषमंडळींना स्वयंपाकघरात बसवण्यात आलं. पुरुषमंडळी म्हणजे हरीश आणि बाबा. हॉलमधून तिळगुळाच्या, उखाण्यांच्या, शाळेच्या प्रवेशांच्या आणि घर तापवणाऱ्या बॉयलरच्या गप्पा ऐकू येत होत्या. मधेच टीव्हीच्या उघड्या सांगाड्याचा विषय निघाला. उल्काने तो कोपऱ्यात सरकवून ठेवला होता, पण श्रद्धाने "हे काय आहे गं" म्हणून बटण दाबलं. श्रद्धा त्याच रस्त्यावर राहायची आणि विचारायच्या आधी दाबायची.

आतून सामूहिक 'अय्या' ऐकू आलं. उजेडात सगळ्यांचे चेहरे असे काही उजळले की पुढचा तासभर बायका त्या सांगाड्यासमोर रांग लावून फोटो काढत होत्या. वाणाच्या डब्यांपेक्षा जास्त कौतुक त्याचं झालं. कुणीतरी हा कुठून घेतला असं विचारलं. कुणीतरी मंडळाच्या गणपतीला भाड्याने देता का विचारलं.

"लोकांना आवडला," बाबा म्हणाले.

"चित्र लावल्यावर काढून घेतील तो मान," हरीश म्हणाला. तो खूश होता. रात्री पॅनल बसवायचं, उद्या दुपारी मॅच. तो मनात वाक्य जुळवत होता. मॅच सुरू झाली की पहिल्याच षटकात टीव्हीकडे बघत, सहज म्हटल्यासारखं, एप्रिलपर्यंतच्या सिरीजचं वेळापत्रक चांगलंय म्हणायचं. बाकीचं टीव्हीने पोचवायचं.

तेवढ्यात श्रद्धा जिन्यावरून खाली आली आणि उल्काला म्हणाली, "सॉरी हं, मी वर आईशी फोनवर बोलायला बसले होते, तर तुमच्या पलंगाची फळी मोडली वाटतं. कट् असं वाजलं. मग मी दुसऱ्या बाजूला सरकून बसले. तिकडची पण मोडली."

हरीशने बाबांकडे बघितलं. "कोट माझ्या पलंगावर टाकलेत?" म्हणत बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, आणि हरीशला कळायचं ते कळलं. दोघं एकदम उठले, आणि दारात अडकले.

कोट बाजूला करायला बराच वेळ गेला. वीस कोट म्हणजे किती, हे उपसल्याशिवाय कळत नाही. शेवटी गोधडी आली. हरीशने ती एका कोपऱ्याने उचलली आणि परत ठेवली.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"उभं ठेवलं होतंस तू. काच उभी ठेवतात का?"

"कारखान्यात उभीच ठेवतात."

"कोट इथे कुणी पाठवले?"

"मला काय माहीत तुम्ही हलवलंय. सांगायचं तरी."

"तू सांगितलं होतंस का, कुठे ठेवलंय ते?"

खाली बायका नावं घेत होत्या. वर बापलेक एका फुटलेल्या काचेच्या दोन बाजूंना उभे होते, आणि हरीशला एवढा राग आला होता की तो नेमका कुणाचा आहे हे त्याला ठरवता येईना. श्रद्धाचा म्हणावा तर ती बिचारी बसली होती. बाबांचा म्हणावा तर त्यांनी गोधडी घातली होती. इतक्या चांगल्या वागण्याने एवढं मोठं नुकसान झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला. "तुम्ही..."

बाबा थांबले.

"...चहा अर्धा राहिला तुमचा. गरम करू का?"

"कर," बाबा म्हणाले.

रविवारी त्यांनी पॅनल तरीही बसवलं. बाबा म्हणाले, बघू तरी. टीव्ही लावला. लख्ख उजेड आला, आणि त्यात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काळं कोळ्याचं जाळं, मधे जांभळी नदी, आणि एका बाजूला दोन बोटं रुंदीची हिरवी पट्टी. त्या हिरव्या पट्टीत कुणीतरी धावत होतं. बहुधा फिल्डर.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"आधी चित्र होतं, उजेड नव्हता," ते म्हणाले. "आता उजेड आहे, चित्र नाही."

"हो."

"म्हणजे एक काम झालंय."

हरीशला वाटलं, टीव्ही उचलावा आणि शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या पेटीत उभा घालावा. मग बाबांना विमानतळावर सोडावं, मग परत येऊन स्वतःलाही पेटीत घालावं. तो जिना चढून गेला आणि बाबांचा पलंग नीट करत बसला. फळ्या शाबूत होत्या.

खाली आला तेव्हा बाबा फोनवर बोट सरकवत होते. "हे बघ. ब्रॅडफर्डला एक माणूस टीव्ही फुकट देतोय. आपलंच मॉडेल. लिहिलंय, आवाज येतो, चित्र येत नाही."

"मग?"

"मग काय? त्याची काच चांगली आहे, उजेड गेलाय. आपला उजेड चांगला आहे, काच गेलीय. त्याची काढायची, आपल्याला लावायची."

हरीश खुर्चीत बसला. म्हणजे पुन्हा मिसळणाचा डबा. पुन्हा पापडासारखी काच. पुन्हा 'तुझ्या बाजूने वर'. त्याचा अंगठा अजून ठणकत होता.

"बाबा, तुम्ही महिनाअखेरीस जाणार ना?"

याच्या उत्तराऐवजी बाबांनी नाशिकला फोन लावला. "हां, ते तिकिटाचं. आत्ता नका बदलू. इथे एक काम निघालंय... हो, मुलाचंच. अर्धवट टाकून कसं येणार? झालं की कळवतो." फोन ठेवून ते हरीशला म्हणाले, "गोधडी घे बरोबर. गुंडाळायला."

ब्रॅडफर्डहून ते बसने आले. गोधडीत गुंडाळलेल्या टीव्हीला एका म्हाताऱ्या बाईने उठून जागा दिली. बाबांनी तिचे आभार मानले आणि टीव्हीला धरून उभे राहिले. सीटवर टीव्ही, दोन बाजूंना बापलेक. सबंध प्रवासात कुणी बोललं नाही, पण शेजाऱ्याची पेटी बघत गप्प बसण्याइतकं ते वाईट नव्हतं.

दारात उल्काने दुसरा टीव्ही आत येताना पाहिला. "आता घरात दोन बिघडलेले टीव्ही आहेत," ती म्हणाली.

"मिळून एक चांगला," बाबा म्हणाले.

"केव्हा?"

बापलेक टीव्ही उचलून हॉलमध्ये घेऊन गेले.

दुसऱ्या शनिवारी दुपारी सतरंजी पुन्हा अंथरली. हरीशच्या लक्षात आलं की हात आता आपोआप चालतोय. कुठला स्क्रू आधी, कुठली तार मग, झाकणाची कोणती बाजू अडते, सगळं त्याला येत होतं. चहा व्हायच्या आत काच निघाली असती, संध्याकाळपर्यंत टीव्ही लागला असता. काम झालं असतं. झालं की कळवायचं होतं.

शेवटून दुसरा स्क्रू राहिला होता. हरीशने त्यावर पेचकस टेकवला, आणि मग तो काढून सतरंजीवर ठेवला.

"बाबा, हा जाम आहे."

बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रूवर बोट टेकवलं. स्क्रू बोटाबरोबर आपणहून अर्धा फिरला.

बाबांनी बोट काढून घेतलं. ते काही वेळ त्या स्क्रूकडे बघत राहिले, मिक्सरकडे बघायचे तसे.

"चांगलाच जाम आहे," ते म्हणाले. "आज नको जबरदस्ती करायला. पुढच्या शनिवारी बघू."